आबा डी ड्राइव्हला कावून?

बॅनर छापणं सोपं हाय म्हणता ना? परवा एक फोल्डर हलवताना माझ्या नाकी नऊ आले. केजच्या माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह फुल झालता, म्हणून फोटोंचं अख्खं फोल्डर डी ड्राइव्हला हलवायलो होतो. तेवढ्यात नांदूरघाटचे बाजीरावकाका आले. त्यांचे पुढारी आबा, त्यांच्या वाढदिवसाचं बॅनर पायजे होतं.

मी म्हणलं, "बसा काका, आबांचा फोटो डीला चाललाय."

काका उसळलेच. "डीला कावून? एबीसीडी आमाला बी येती. सीच्या खाली डी! आबांना सीतच ठेव, न्हाईतर बॅनर दुसरीकडं करतो."

"अहो, सीमदी विंडोज असतं. ते बिघडलं की सी पुसावा लागतो. सीतलं सगळं उडतं, डीतलं राहतं."

काकांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आबांच्या विरोधातला तो तात्या, त्याचे फोटो बी डीला चाललेत का?"

"सगळ्यांचेच चाललेत."

"आबांना जाऊ दे. तात्याला सीतच राहू दे," काका हळूच म्हणाले. "आन् तुझं विंडोज कवा बिघडतंय?"