दोन शिटांची मोटार

तय्यब : हां, आता हाण हँडल. अंगठा गुंडाळू नकोस त्याला.

भिमाजी : हाणतो की. पर मागल्या खेपंला हिनं उलटी लाथ घातली व्हती. मनगट आसं सुजलं, भाकर मोडाया येईना.

तय्यब : गाडीला नावं ठेवू नकोस. हाण.

भिमाजी : हाणलं. बघ, काय न्हाई.

तय्यब : अजून एकदा.

भिमाजी : न्हाई म्हन्लं ना. इंजनच बसलंय तिचं. सोड तय्यब. चहा घे आन् जुन्नरला जा. दुकानात शिलाईच्या मशिनी पडल्या असतील तुझ्या.

चिमाबाई : चहा गाडी चालू झाल्यावर. मी चूल इझवलीय. नवं लुगडं नेसून कवाची उंबऱ्यावर बसलेय. घोडेगावात माझ्या मैतरणीच्या, साळीच्या नातवाचं बारसं हाय, आन् मी मोटारीतनं येनार म्हणून निरोप धाडलाय.

भिमाजी : मला इचारून धाडला का निरोप?

चिमाबाई : इचारलं असतं तर धाडू दिला असता का?

तय्यब : वैनी, तुम्ही बेफिकीर राहा. ह्या तय्यबनं मेलेले स्टोव्ह उठवलेत. मोटार म्हणजे काय, मोठा स्टोव्ह. तेल पाहिजे, हवा पाहिजे, ठिणगी पाहिजे. भिमाजी, चावी फिरव. बोलू नको, ऐक. टक टक टक टक... पंप पेट्रोल ओढतोय. थांबला. म्हणजे दोन्ही कारबोरेटरच्या वाट्या भरल्या. तेल झालं.

भिमाजी : मी ज्याचा डायव्हर व्हतो त्यो साहेब त्याला ब्लडी पंप म्हनायचा.

तय्यब : ते नाव नाही रे, ती शिवी आहे! तुझ्या नावांपायी माझी अब्रू गेली. कारबोरेटरला तू डॅम म्हणालास. मी नारायणगावात दुकानात जाऊन म्हणतो, डॅमचा वायसर द्या. तो म्हणतो, पावणं, धरणाचं सामान हितं मिळत न्हाई.

भिमाजी : आता साहेब ते उघडताना दर खेपंला डॅम म्हनायचा. मी काय समजू?

तय्यब : बरं. ही दोन्ही डॅम मी काल उघडली, स्टोव्हच्या पिनेनं भोकं मोकळी केली. हवा झाली. राहिली ठिणगी. हा प्लग काढला, वायर लावून लोखंडावर टेकवला. वैनी, इकडे या, तुमची नजर चांगली. भिमाजी, हाण. दिसली ठिणगी?

चिमाबाई : न्हाई.

तय्यब : परत हाण. आता?

चिमाबाई : काळं ठिक्कार.

भिमाजी : म्हन्लं न्हवं मी? बसलंय इंजन. शिवाय लाकडी सांगाड्याला वाळवी लागलीय. जोरात पळवली तर मदीच खाली बसंल.

तय्यब : वाळवी भागू सुतारानं मागल्या साली काढली. बाभळीचं लाकूड घातलंय. बैलगाडी मोडेल, ही नाही मोडायची. सरक. हे झाकण उघडतो. ह्याच्यात... या अल्ला.

चिमाबाई : काय झालं?

तय्यब : वाढप्या गायब.

चिमाबाई : कोन वाढप्या?

तय्यब : इथं एक तपकिरी बोट असतं, वैनी. गरागरा फिरतं आणि एकेका प्लगला ठिणगी वाटत जातं. पंगतीत वाढप्या फिरतो ना, तसं. इथं चार पानं मांडलीत, भात शिजलाय, वाढप्याच नाही! काल होता. मी ह्याच डोळ्यांनी पाहिला.

भिमाजी : उंदरानं नेला आसंल.

तय्यब : उंदरानं? झाकणाच्या दोन क्लिपा काढल्या, वाढप्या उचलला, झाकण ठेवलं, क्लिपा परत लावल्या? लई शिकलेला उंदीर आहे तुझ्या घरचा.

चिमाबाई : तपकिरी म्हन्ता? पेरायेवढं? वर पितळंची पट्टी?

तय्यब : तेच!

चिमाबाई : सकाळी ह्यांच्या चंचीत सुपारी बघाया गेले तर घावलं. म्हन्लं ही नवी कसली सुपारी. दातानं फोडाया बी बघितली. हे घ्या.

तय्यब : भिमाजी.

भिमाजी : काय?

तय्यब : पोळ्याला प्लगच्या वायरी उलटसुलट झाल्या होत्या. दसऱ्याला पेट्रोलच्या नळीत चिंध्या निघाल्या. मी म्हणालो, उंदीर. दिवाळीला ब्याटरीची तार सुटली होती. मी म्हणालो, कोंबड्या. तुझ्या कोंबड्यांना मी किती शिव्या दिल्या, यार! मी दुरुस्त करून जुन्नरला जायचं आणि तू मागून मोडायचं? का?

भिमाजी : तुझं येनंजानं राहावं म्हणून आसंल.

तय्यब : गप. वाढप्या बसवला, प्लग परत आवळला. हाण आता. शेवटचं.

(इंजिन एकदम धडधडून सुरू होतं. कोंबड्या छपरावर उडतात.)

तय्यब : वाह! क्या बात है! ऐका वैनी, काय बोलतेय! चार वर्षं गोठ्यात बसून अजून आवाज बघा!

चिमाबाई : गाय! अवो गाय बघा, खुटा उपटून वढ्याकडं पळाली! तय्यबभाऊ, तुमी जावा, आडवा तिला!

तय्यब : मी? मी मशिनवाला, मला गाय काय...

चिमाबाई : तुमीच चालू केली न्हवं गाडी? पळा! ... गेला एकदाचा. आता बसा गाडीत.

भिमाजी : आधी बंद करतो. चाकात हवा कमी हाय. पानी बी बघाया पायजेल. हॉर्न...

चिमाबाई : बंद करू नका. चालू राहू द्या इंजन. ह्या धडधडीत आपलं बोलनं कुनाला आयकू जानार न्हाई.

भिमाजी : काय बोलायचंय?

चिमाबाई : तुमाला मोटार चालवाया येत न्हाई.

भिमाजी : ...कोन म्हन्लं?

चिमाबाई : साळी. तिचं घर साहेबाच्या बंगल्यासमोरच हाय, इसरला व्हय? तुमी पाटबंधाऱ्याच्या साहेबाकडं डायव्हर म्हणून लागला, त्याच साली ती म्हन्ली, चिमे, तुझा नवरा डाव्या अंगाला बसतो. चाक साहेबाच्या हातात आसतंय. तुझा नवरा मांडीवर पान्या-पकडींचा डबा घिऊन नवरीवानी बसतो.

भिमाजी : इतकी वर्सं तुला ठावं हाय?

चिमाबाई : हाय.

भिमाजी : पयल्या दिशी मी उजव्या अंगाला बसाया गेल्तो, चिमे. देवाशपथ. साहेब म्हन्ला, नो नो भिमाजी, दॅट साइड. म्हन्लं, आज त्याला हौस आसंल, उद्या दील. रोज वाटायचं, उद्या दील.

चिमाबाई : मंग पगार कशाचा?

भिमाजी : ढकलायचा. हँडल मारायचा. साहेब शिव्या द्यायचा त्या आयकायचा.

चिमाबाई : तुमाला शिव्या?

भिमाजी : गाडीला. मला लई चांगलं वागवायचा. जाताना गाडीच दिली. हातात चावी ठिवून म्हन्ला, यू आर माय ड्रायव्हर. तवा त्याला कसं म्हनू, साहेब, मी कवा चालवली तुमची गाडी?

चिमाबाई : आन् गावात जानकूची बैलं जुपून वढत आनली.

भिमाजी : मंग काय करायचं? म्हन्लं, इंजन बसलंय.

चिमाबाई : तवा बसलं नव्हतं?

भिमाजी : चांगलं घड्याळावानी चालत व्हतं. बैलं पुढं हिसकं देत व्हती आन् मी चाकावर नुसता बसून. पांदीत पोरं टाळ्या वाजवीत व्हती. मला आसं झालं की कवा घर येतंय.

चिमाबाई : त्या दिशी मला डोळ्यांनी दिसलं तुमचं तोंड. म्हणून बोलले न्हाई.

भिमाजी : साळीनं घोडेगावभर केलं आसंल.

चिमाबाई : तिला पोटच्या पोराची शपथ घातली व्हती मी.

भिमाजी : माझ्यासाठनं?

चिमाबाई : तुमच्यासाठनं आन् माझ्यासाठनं बी. हिरीवर मला डायवरीणबाई म्हन्त्यात. सरपंचाची बायको घागर बाजूला सारती, म्हन्ती, भरा डायवरीणबाई आधी. मला काय ग्वाड लागत नसंल?

भिमाजी : मंग आज कशाला हट्ट धरला?

चिमाबाई : चार पावसाळं गाय भाइर भिजती आन् मोटार गोठ्यात. ह्या खोट्याची कुठवर राखन करायची दोघांनी? आन् मला लई वाटतं, त्याच बंगल्यासमोर, साळीच्या दारात, तुमी उजव्या अंगानं उतरावं.

भिमाजी : आज न्हाई जमायचं, चिमे. वाटंत नारायणगावचा बाजार, मंचरचा बाजार. माणसं मारंन मी.

चिमाबाई : सडकंवर कोन म्हन्तंय? बाजरी निघालीय. मागलं रान उघडं पडलंय. हिरीकडं तेवढं जायचं न्हाई. पायाचं काय करायचं ते ठावं हाय?

भिमाजी : साहेबाचं पायच बघत बसायचो की. डावा दाबायचा, दांडा पुढं सारायचा, डावा हळूच सोडायचा...

चिमाबाई : मंग सोडा.

भिमाजी : तू कुठं बसतीस? उतर! जिवाला काय झालं म्हंजे?

चिमाबाई : दुसरी शीट मोकळी कशाला ठिवायची? सोडा डावा. ...आगं बाई!

भिमाजी : बंद पडली.

चिमाबाई : कोंबडीवानी उडाली की ही.

भिमाजी : लवकर सुटला पाय. थांब, हँडल मारतो.

चिमाबाई : मारा. ...आता मऊ सोडा. दुधावरची साय काढता तसं. हां. चालली! अवो, चालली की!

भिमाजी : बोलू नको, बोलू नको, चाक धरू दे!

चिमाबाई : बांध आला!

भिमाजी : दिसतोय!

चिमाबाई : मंग वळवा!

भिमाजी : वळवतोच हाय! ...वळली. वळली, चिमे! आपल्याच रानात वळली!

तय्यब : अरे ए भिमाजी! गाय आणली! गाडी कुठं... अरे, रानात काय करताय?

चिमाबाई : गाडीची टेस घेत्यात, तय्यबभाऊ!

तय्यब : टेस? असे गचके खात? बेडूक बरा उड्या मारतो. भिमाजी, गेर बदल! दुसरा टाक!

भिमाजी : हाच बरा हाय! दुसऱ्याचं उद्या बघू!

तय्यब : साहेबाचा ड्रायव्हर आणि पहिल्या गेरवर... अच्छा. अच्छा, अच्छा. म्हणून वाढप्या चंचीत.

चिमाबाई : काय म्हन्लात?

तय्यब : काही नाही, वैनी. गाय पकडताना नाल्यात पडलो, तेच बोलतोय. भिमाजी, डावा पाय पूर्ण दाब गेर टाकताना! तिचे दात झिजवू नकोस!

भिमाजी : तू ये की मंग! दाव चालवून!

तय्यब : मी? मी आयुष्यभर शिलाईच्या मशिनी नीट केल्या, कधी परकर शिवलाय का? मला चालवता आली असती तर चार वर्षं जुन्नरहून सायकल मारत आलो असतो का तुझ्याकडे?

चिमाबाई : तय्यबभाऊ, गावात कोन इचारलं तर सांगा, टेस चाललीय.

तय्यब : किती दिवस चालणार म्हणून सांगू?

चिमाबाई : जमंस्तवर.

तय्यब : सांगतो. आणि चहा मी माझा करून घेतो. गाय गोठ्यात बांधतो, जागा झालीच आहे.

भिमाजी : चांगला गडी हाय.

चिमाबाई : समोर बघा.

भिमाजी : बघतोय. ...चिमे, तू डोळं मिटलंस?

चिमाबाई : वारं लागतंय.

भिमाजी : भ्या वाटतंय?

चिमाबाई : पयल्या फेरीला वाटलं. आता न्हाई.

भिमाजी : ती बघ, सडकंवर यष्टी. नारायणगावाकडं चालली. पळत गेलीस तर फाट्यावर गाठशील. बारशाला पोचशील.

चिमाबाई : जाऊ द्या. पोराचं नाव काय रातीत पुसत न्हाई. उद्या जाऊ यष्टीनं, दोघं.

भिमाजी : साळी इचारंल, मोटारीनं येनार व्हतीस, त्याचं काय झालं?

चिमाबाई : सांगंन, मालक मोटार शिकवीत व्हते, म्हणून राहिलं.

भिमाजी : कुनाला शिकवीत व्हते?

चिमाबाई : मला.

भिमाजी : बारशाच्या घरात जाऊन खोटं बोलशील?

चिमाबाई : खोटं कशाला बोलू? थांबवा गाडी आन् सरका तिकडं.