चौथा थर

हॅलो?… आत्या! अगं किती वेळा लावला फोन… कात्रजला रेंज नसते का गं?… नाही, नाही, आई ठीक आहे. सगळे ठीक आहेत. मीच ठीक नाहीये.

ओरडणार नाहीस ना?… आधी कबूल कर…

जयसिंगकाकांच्या अर्ध्या राहिलेल्या प्रिंटवर चौथा थर मी दिला… हो, दुर्गाकाकूंच्या फोटोवर. तूच परवा म्हणालीस ना, राजनंदिनीला आता जमायला लागलं म्हणून? म्हटलं, तू येईपर्यंत तयार ठेवू… अगं, लावला झकास होता! डिंक, काळा रंग, उन्हात रंग पक्का करणारा मसाला, सगळं मापात. ब्रशचा एक फराटा नाही…

मग निगेटिव्ह ठेवून, वर काच, गच्चीवर उन्हात… बारा मिनिटं… बारा! काकांच्या वहीतच आहे बारा!… तारीख? थांब… सतरा डिसेंबर…

अगं बाई.

आणि आज बावीस एप्रिल. भर दुपारी ठेवला मी, आत्या… माप हिवाळ्याचं, ऊन उन्हाळ्याचं!

आता ट्रेमध्ये आहे. पाण्यावर पालथा. तास झाला, रंग सुटतच नाहीये! एरवी कसा धुरासारखा निघतो… मघाशी उलटून पाहिला. गाल काळे, कपाळ काळं. डांबर ओतल्यासारखं…

नाही, ब्रश नाही लावला… बोट लावलं. एकदाच गं! कोपऱ्यात. खालचा निळा थर पण निघाला तिथला… हो. मूर्ख आहे मी. मान्य.

पहिल्यापासून करू या ना, निगेटिव्ह आहे की… हो, माहितीये. खालचे तीन थर काकांच्या हातचे. ते कुठून आणणार… उद्या काकांचं वर्षश्राद्ध, आणि काकू पाचला न्यायला येणार.

बरं, नाही रडत. सांग… कोमट पाणी. किती कोमट?… बाळाच्या अंघोळीचं? मला काय माहीत बाळाच्या अंघोळीचं!… हं, मनगट बुडवून. कडेने ओतायचं, कागदावर धार नको… हो, हो… पालथाच ठेवलाय. ओतलं.

काही नाही…

अजून काही नाही, आत्या…

थांब, थांब, थांब. काठाशी राखाडी सुटतंय! कोपरा उचलते हं… कपाळ आलं! आत्या, कपाळ आलं! डोळे नाही अजून…

बेल वाजली… दुर्गाकाकूच आहेत. पाचला येणार होत्या ना!… नको. तुझ्या माथी नाही मारणार. मी केलंय, मीच सांगते.

या काकू… नाही हो, तयार नाहीये. ऊन जास्त दिलं मी. काकांचं काम… बिघडवलं बहुतेक…

आत्या? चप्पल काढून तशाच ट्रेजवळ खाली बसल्यात… नाही, रागावल्या नाहीत. नुसत्या पाण्याकडे बघतायत… काकू, हात नका ना लावू, प्लीज. ओला थर लगेच निघतो.

काय?… आता बाहेर काढू? नको, आत्या. कोपरा उचलून बघतेय ना, डावा डोळा आत्ता कुठे उघडतोय. काढला तर मिटलेलाच राहील… हो, जास्त सुटलं तर सगळंच जाईल, कळतंय मला. पण मी समोर आहे ना, मला दिसतंय.

ठेवते फोन. दोन्ही हात लागणारेत.