'पानी' जपून वापरा

...तर सोसायटीचा वॉचमन म्हनतो, "काका, मोबाईल खाली!" आता तुमाला सांगतो, मोबाईल खाली घालून फोटो काडनारा मानूस कुनी बगितलाय का? अरे बाबा, पाटीचा फोटो काडतोय, पाटीचा!

आमचे बाबा, गंगाराम पेंटर, सारसोळे गावचे. नेरूळच्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. आता जिकडंतिकडं फ्लेक्स! एकच पाटी उरलीय, या सोसायटीच्या टाकीवर, निळ्या ऑइलपेंटात... 'पानी जपून वापरा'. आनि उद्या म्हने तिच्यावर चुना! कारन काय, तर 'न' चुकलाय!

तेवड्यात पयल्या मजल्यावरून एक बाई, "ओ मिस्टर, माझे गाऊन वाळत घातलेत, फोटो कसले काढताय?" बाई, तुमचे गाऊन तुमाला लखलाभ! पाटीचा फोटो काडतोय, पाटीचा!

मग उतरले चेअरमन, अभिराम. बर्म्युडा नि कपाळाला आठी. "अहो, ते मराठीच चुकीचं आहे. पाणी. णऽऽ! मुलं काय शिकतील?"

झालं! माजं डोकंच सटकलं. म्हटलं, साहेब, तुमची मुलं 'वॉटर' म्हनतात, त्यांना कसला आलाय 'न' नि कसला आलाय तो तुमचा दुसरा! तुमची लिफ्ट जिथं वरखाली करते ना, तिथं आमची विहीर होती. तिनं पानी देताना कुनाचं शुद्धलेखन तपासलं नाय! चूक नाय ती, बोली हाय आमची! माजा बाप बोलायचा तसंच लिहून गेला. गेल्यावर त्याचं एवडंच बोलनं उरलंय, ते पुसनार? आदी मला चुना फासा!

गाऊनवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या हो! चेअरमनचे डोळे पानावले. "राहू द्या पाटी. आम्ही जपू."

जिंकलो! छाती फुगवून घरी आलो, बायकोला म्हटलं, बग फोटो. मोबाईल उगडला... फोटोच नाय! भांडनाच्या नादात बटन दाबायचंच राहिलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पळत गेलो. टाकीवर भलामोठा फ्लेक्स! हात जोडलेले चेअरमन, नि खाली, 'ऐतिहासिक पाटी जतन केल्याबद्दल मा. अभिरामदादांचे हार्दिक अभिनंदन!' बांदलाय कुटं? बरोब्बर पाटीवर!

वॉचमन हसत आला. "काका, आता बिनधास्त काढा फोटो. साहेबांनी परमिशन दिलीय."

काडला. काय करनार? पाटीच हाय ना तीपन!