सीटखालचं बटण

परत पहिल्यापासनं सांगू म्हणता? काल फोनवरच्या तुमच्या कंपनीच्या बाईला सांगितलं, सकाळी हितल्या मॅनेजरला सांगितलं, आन आता तुम्हाला — पुण्यासनं आलाय, हातात लॅपटॉप हाय, आन इचारताय कुणाला, तर चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला. कंपनीनं तुम्हाला काय शिकवून पाठवलंय का नुसताच शर्ट दिलाय? बरं, सांगतो. पर मधी बोलायचं न्हाय. गवत कापायची गाडी हाय ही पावणं, इमान न्हवं. वर बसायचं, पात्याचा दांडा बंद करायचा, ब्रेक दाबायचा, चावी फिरवायची. झालं. पेट्रोल? भरलंय. बॅटरी? टर्मिनल गरम पाण्यानं धुतलं, घासलं, परत आवळलं. प्लग बी काढून बघितला. ही तुमच्या कागदावरची यादी मी तुमच्या आदी तीनदा केलीया, कागद नसताना. दिवा लागतोय आन इंजिन मुकं. टकसुद्धा करत न्हाय.

आता तुम्ही बसला आन पहिल्या चावीला सुरू झाली, म्हणून हसताय. हसा. त्यो बी असाच हसला — उदयसिंह ओ, ह्या लॉनचा मालक, ज्यानं तुम्हाला बोलावलंय. परवा मांडववाले, वाढपी, सगळी गोळा केली, ह्या सीटवर बसला, चावी फिरवली, सुरू. उतरला, मला म्हणाला बसा. बसलो. बंद. मग म्हणतोय कसा, "आकाराम आण्णा, गाडीत काय न्हाय, तुमचंच नाटक हाय. काम होत नसंल तर घरी बसा." आता शनिवारी हितं लगीन हाय, गवत घोट्याला लागतंय, आन तुमच्या कागदावर "चूक ड्रायव्हरची" असं आलं की मी सोमवारपासनं घरी. बारा वर्सं झाली हितं. तवा नीट ऐका आन नीट लिवा.

कशानं बंद हाय ते मला म्हाईत हाय. व्हय, म्हाईत हाय. सीटखाली बटण हाय एक. माणूस बसला की ते दबतं, उठला की सुटतं, इंजिन बंद — म्हणजे कोण खाली पडलाच तर पात्यात सापडू नये. शहाण्या माणसानं केलंय, त्याला मी नावं ठेवत न्हाय. उदयसिंह बसला की ते दबतंय, दबंलच की, त्याला खुर्च्या दोन लागतात. तुम्ही बसला, दबलं. मी बसलो की गाडीला वाटतंय सीट मोकळीच हाय. पहिल्यांदा नुसती स्टेजपाशी, त्या उंचवट्यावर आचका बसला की बंद पडायची. मग वळणावर. मग सुरूच व्हईना. मी — मी ओ, पावणं — आमच्या गावात, राधानगरीच्या अंगाला, कुळवायचं असलं की कुळव मातीत रुतावा म्हणून लोक त्यावर धोंडा ठेवत नव्हते, आकारामाला उभा करा म्हणायचे. बैलांच्या तोंडाला फेस यायचा. आन हे एवढंसं बटण, तुमच्या अंगठ्याएवढं, मला मोजत न्हाय.

तो? तो काय न्हाय, धोंडा हाय. पडलाय तिथं. कशाला उचलून बघताय — बरं, मीच ठेवतो मांडीवर. महिनाभर तसंच कापलंय गवत, वरनं टॉवेल टाकून. कुणाला कळलं न्हाय. मग परवा का न्हाय घेतला म्हणता? पन्नास माणसांच्या पुढ्यात मांडीवर धोंडा घिऊन बसू? तुम्ही बसला असता का?

आजार कसला आलाय. शुगर न्हाय, छातीत काय न्हाय, डॉक्टरनं सगळं बघितलं आन म्हणाला, जेवत जावा. त्याला शिकून एवढंच कळलं. जेवायचं म्हणजे — घरची, चिमणाबाई, गेली तिला दोन वर्सं झाली. भाकरी काय मला येत न्हाय, थापली तर कडंला फाटती, मधी कच्ची. अडतंय का माझं? अडत नव्हतं. लग्न असलं की पाव्हणं जेवून गेल्यावर आम्ही कामकरी हितंच बसायचो, आन राहिलेलं आचारी डब्यात घालून द्यायचा, दोन दिवस जायचं. ते लिवू नका. उगंच बोलतोय मी. तर गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात, पाव्हणं अजून हात धूत होते, मी ताट घिऊन बसलतो, आन उदयसिंह लांबनं वरडला, "आण्णांच्या ताटाकडं लक्ष ठेवा रे, दहा जणांचं एकटा हाणतोय." सगळी हसली. आचारी हसला, नवरीचा मामा हसला. माझ्या हातात जिलेबी होती. ठेवली. ताट धुतलं, पालथं घातलं. तवापासनं ह्या लॉनवर पाण्याशिवाय काय तोंडात घातलं न्हाय. आठ महिने झाले. त्याला अजून कळलं बी न्हाय, आन म्हणतोय नाटक.

काय करताय? वायर? वायरला वायर जोडली की बटणाचं काम न्हाय, व्हय, तेवढं मला बी येतंय. हात काढा. काढा म्हणतो की. म्हणजे सीटवर माणूस असला काय आन नसला काय, गाडीला सारखंच? तसं न्हाय चालायचं. मी हाय तर मी हाय म्हणून सुरू झाली पायजे. आन तो डबा कशाला सोडताय माझ्यापुढं? पोळीला तुपाचा वास सुटलाय. झाका. तुमचं तुम्ही खावा. हितं न्हाय.

लिवा. बॅटरी बरी, प्लग बरा, बटण बरं. ड्रायव्हर बरा. "उपाशी" लिवू नका, खोडा ते. मी जेवणार की, आजच जेवीन, ह्याच लॉनवर, आन शनिवारी गवत बी कापीन, पर ज्यानं मला ताटावरनं उठवलं त्यानं त्याच वाढप्यांच्या पुढ्यात "आण्णा, चुकलं" म्हणायचं. त्याच्याआदी घास न्हाय आन धोंडा बी न्हाय. कुणी म्हणून काय इचारताय? खाली सही घ्यायची हाय न्हवं कागदावर? जावा हापिसात, घ्या. उदयसिंहाची.