एक्स्टेन्शनचे पेढे

सिंगापूरमधल्या हौगांगच्या बसस्टॉपवर अस्सल मराठी ऐकू आलं आणि जाईने कान टवकारले. रांगेत तिच्या पुढेच पेढ्यांचा डबा घेतलेल्या एक काकू होत्या आणि त्यांचा शेजारी सारंग.

“काकू, पेढे कसले?”

“अरे, ‘धवलला एक्स्टेन्शन मिळालं’ हा तुझाच मेसेज ना? भावाचा नोकरीचा पास वाढला, मग तोंड गोड नको करायला?”

“पास नव्हे हो! मनोरुग्णालयातला मुक्काम. कोर्टाने आणखी सहा महिने वाढवला.”

“अगं बाई! आणि मी अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटत सुटले! मिसेस टॅननी तर दोन घेतले, वर ‘काँग्रॅट्स’ म्हणाल्या.”

“काकू, पुरे! पोट दुखायला लागलं.”

“रडतोयस की हसतोयस मेल्या?”

“हसतोय हो. गंमत म्हणजे धवलनेच मागितलं. डॉक्टर सोडायला तयार होते. हा जजना म्हणाला, ‘मागच्या वेळी घाईने घरी गेलो, गोळ्या सोडल्या आणि पडदे पेटवले. या वेळी अजून थोडं थांबतो.’”

“स्वतःहून?”

“स्वतःहून. वर जजना थँक्यूसुद्धा म्हणाला.”

“मग माझं काय चुकलं रे? चल, उरलेले त्यालाच देऊ.”

“गेटवर डबा उघडून तपासतात.”

“तपासू देत की. त्यांचंही तोंड गोड होईल.”

जाईला हसू आवरेना. काकू गर्रकन वळल्या.

“मराठी ना गं तू? घे. एक्स्टेन्शनचा आहे.”

जाईने पेढा तोंडात टाकला आणि सारंगकडे पाहून म्हणाली, “अभिनंदन!”