उमापूरच्या मोगऱ्याची एक काडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पारावजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती शफीभाई, त्यांच्याशेजारी आग्रहाने बसवलेल्या आयशाभाभी, आणि एवढ्या उन्हात नेकनूरपर्यंत आलेल्या बंधू-भगिनींनो,

शफीभाई आज आपल्या रोपवाटिकेतून निवृत्त होत आहेत. त्यांच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी इथली कारकून सुनिता. रोपांच्या नोंदी ठेवते, पण स्वतःच्या हाताने एक रोप कधी लावलं नव्हतं. तरी तोरा केवढा!

गेल्या उन्हाळ्यात आमचं उमापूरचं घर पाडायचं ठरलं. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे. तिने एकच गोष्ट मागितली, दारातला मोगरा. मी बारा काड्या कापून आणल्या, कुणाला न विचारता कुंड्यांत खोचल्या, वर प्लास्टिक झाकलं आणि गच्चीवर भर उन्हात ठेवल्या. झाडाला ऊन लागतंच ना? चार दिवसांत नऊ काड्या काळ्या पडल्या. तोवर तिकडे झाडही उपटून झालं होतं.

उरलेल्या तीन घेऊन मी शफीभाईंकडे गेले.

"बाई, लावल्या का उकडल्या?"

त्यांनी आधी कळ्या खुडल्या. माझा जीव कळवळला. "फुलं पोसंल का मुळ्या काढंल ती?" म्हणाले. खालची पानं काढली, वरची अर्धी कापली, पेराखाली नवा काप घेऊन काड्या ओल्या वाळूत, कडुनिंबाखाली लावल्या. भोवती भिजवलेलं गोणपाट. मी तांब्याभर पाणी ओतायला गेले, तर ओरडलेच. "तिला मुळ्याच न्हाईत, पेणार कशानं? वाळू नुसती ओलसर पायजे. गोणपाट भिजवा, हवा गार ठेवा!"

ते गोणपाट दुपारी तासाभरात वाळायचं. ईदच्या दिवशी घरात पाहुणे बसवून हा माणूस पाणी शिंपडायला आला होता. भाभी, तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते इथे सांगत नाही.

तरी दोन काड्या गेल्याच. मग मी जे केलं ते आज सांगते, कारण आई समोर बसली आहे. मी म्हटलं, "शफीभाई, इथलाच एखादा मोगरा द्या. आईला काय कळतंय?"

इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "देतो की. पण तिच्या तोंडाकडं बघून तुमीच सांगा, उमापूरचा हाय म्हणून."

मला ते जमलं नाही. पंचविसाव्या दिवशी शेवटच्या काडीला कोंब आला. तरी पंधरा दिवस हात लावू दिला नाही. "कोंबाला भुलू नका, मुळ्या धरू द्या," म्हणाले. आज ते रोप आमच्या दारात आहे. आई, मी तुला फसवणार होते गं. मला माफ कर.

काय म्हणतेस? माईक नको? बरं, मीच सांगते. मंडळी, आई म्हणतेय, "शफीला म्याच फोन केलता. म्हनलं, पोरगी लई रडायलीय, तुझ्या इथला मोगरा दे, मी उमापूरचा म्हणून लावून घेते."

शफीभाई, खाली काय बघता? दोघींना नाही म्हणालात, आणि एकीचं दुसरीला कळू दिलं नाहीत!

शफीभाई, तुमचे मनापासून आभार. अध्यक्षमहोदय, वेळ जास्त घेतला, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते सर्वांनी पोटात घालावं. मी आईजवळ जाऊन बसते.