वरचं पान

माह्यं माहेर पुलगावचं, लग्न होऊन रायपूरले गुढियारीत आली, आन मंग एका सरकारी हापिसात चपराशी लागली. चहा नेला, फायली नेल्या, त्यातच जिंदगी गेली. काय सांगू तुमाले, चहावाल्या बाईसमोर साहेब लोक सारं बोलतात, तिले कानच नाहीत जसे.

तर एकदा बाहेरदेशाचे पाव्हणे आले. त्याईची बँक म्हणे एका देशाची नाही, साऱ्या सरकारांनी मिळून काढली, कर्ज देते आन पाण्याचं कसं करायचं तेही शिकवते. मी साहेबाले इचारलं, हे कोण जी? तर म्हणे दीदी, ये पूरी दुनिया को रास्ता दिखाते हैं. मी मनात म्हटलं, आमच्या पाऱ्याचा, म्हणजे मोहल्ल्याचा, रस्ता पाहिला काय याईनं कधी?

त्याईले लोकाईचं मत पाहिजे होतं. साहेब म्हणे पाऱ्यातल्या बाया आणा, चहा-समोसा आहे. मी घरोघर गेली. शेजारची दुलारी, छत्तीसगढी बाई, धुणीभांडी करते, घरी नळ नाही, चौकातल्या सरकारी नळावरच तिचं सारं. ती म्हणे, कागज मा का लिखाय हे, दीदी? मी म्हटलं, अवं नाश्त्याची सही आहे, पहिली मीच केली, दे अंगठा. माह्या शब्दावर तिनं देला.

सहा महिन्यांनी चौकातला नळ बंद. घरी नळ घ्या, पाण्याचं मीटर लावा म्हणे. आम्ही हापिसात गेलो तं साहेबानं तोच कागद काढला, पण त्याच्यावर नवं पान जोडलेलं, का नळ बंद करायले रहिवासी राजी आहेत. आन खाली पहिली सही माही! केसानं गळा कापला हो, अन् तोही माह्याच हातानं. दुलारी रेल्वे फाटकापलीकडून पाणी आणाले लागली. तिनं मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. मले अजून लाज वाटते.

पोट्टी म्हणते, मम्मी, सब देशों में यही हो रहा है. होऊन राहिलं म्हणून बरोबर झालं काय? तिकडच्या बायाईले काय पाजून सह्या घेतल्या, कोणं इचारलं?

मागच्या महिन्यात ते बँकवाले पाव्हणे पुन्हा आले. आता मंदिराजवळचा नळ, शेवटचा. मी रिटायर झाली तरी मलेच बोलावलं, बाया आणा. आणल्या, दुलारीलेही. दुधानं तोंड पोळलेली बाई मी, रजिस्टर आल्याबरोबर सहीच्या वर लिहिलं, सिर्फ चाय पी है, नल बंद करना मंजूर नहीं. साहेब म्हणे, दीदी, ये क्या कर दिया? मी म्हटलं, मत पाहिजे होतं ना, घ्या. साऱ्या बायाईनं तेच लिहिलं. ज्याईले येत नाही त्याईचं मी लिहिलं, वाचून दाखवलं, मंगच अंगठा. दुलारीनं मले दोनदा वाचाले लावलं. बरोबर केलं तिनं.

नळ आज चालू आहे. उद्याचं देव जाणे, तो कागद कुठं गेला मले का मालूम.

घ्या, चहा घ्या, थंडा होऊन राहिला. तुमचं भलं होवो. पण हे जे तुम्ही लिहून राहिले ना, ते आधी मले वाचून दाखवा. सारं. वरचं पान बी.